वरची कवळी इम्प्लांटवर बसवताना

स्कॅनची घाई नको. आधी मेणात दात लावून तोंडात बघ. दात कुठे यायला हवेत हे ठरल्याशिवाय इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवायचे स्क्रू, कुठे घालायचे ते कळणार कसं? मग त्याच मांडणीची एक प्रत ओठामागच्या गुलाबी पाळीशिवाय करून बसव आणि पेशंटला बाजूने न्याहाळ. ओठ आत बसला, नाकाखाली खळगा दिसला, तर फिक्स्ड दातांचा हट्ट सोड. काढता-घालता येणारी कवळीच बरी, पेशंट कितीही नाक मुरडो.

खालच्या जबड्यात दोन इम्प्लांटवर भागतं, वर तो हिशोब चालत नाही. हाड भुसभुशीत, त्यात मागे सायनस, म्हणजे गालामागच्या हाडातली हवेची पोकळी, खाली उतरलेला. टाळू मोकळा ठेवायचा असेल तर चाराखाली मी जात नाही, आणि तेही पुढे दाटीने नाही, पसरून.

जागा मोजलीस का? बारसाठी (इम्प्लांट एकमेकांना जोडणारी धातूची पट्टी) साधारण 12 ते 14 मिमी उंची लागते, लोकेटरला (प्रत्येक इम्प्लांटवरचं सुटं, बटणासारखं खटका-बसणारं जोड) कमी. जागा नसताना बार कोंबला की वरचं अ‍ॅक्रिलिक पातळ राहतं, आणि भाकरीचा तुकडा तोडताना पुढचा दात निखळून ताटात पडतो.

सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय एक्स-रे स्कॅन) मात्र बेरियमचे, म्हणजे एक्स-रेत उठून दिसणारे, दात असलेली कवळी तोंडात ठेवूनच काढ. नाहीतर हाड दिसेल, दात कुठे येणार ते दिसणार नाही.