अपक्ष उमेदवाराचा सूचक म्हणून सही केली, तर आपल्यावर कोणती जबाबदारी येते?

सूचकावर, म्हणजे उमेदवाराचे नाव सुचवून त्याच्या उमेदवारी अर्जावर सही करणाऱ्या मतदारावर, खर्चाची किंवा प्रचाराची कोणतीही जबाबदारी येत नाही, मात्र सही खरी आणि स्वतःची असणे अत्यावश्यक आहे. विधानसभा किंवा लोकसभा निवडणुकीत मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, पण अपक्षाला त्याच मतदारसंघातील 10 मतदार लागतात. अर्जातील तक्त्यात प्रत्येकाच्या नावाशेजारी मतदार यादीचा भाग क्रमांक, त्यातील अनुक्रमांक, सही आणि तारीख असते. अंगठा लावायचा असल्यास तो निवडणूक निर्णय अधिकाऱ्यासमोर किंवा त्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. मतदान गुप्त असते, सूचकत्व मात्र उघड असते, कारण अर्जांची जी सूचना कार्यालयात लावली जाते तिच्यात उमेदवाराबरोबर सूचकाचाही तपशील असतो. म्हणूनच केवळ शेजाऱ्याच्या भिडेखातर सही करू नये, असे मी कळकळीने सांगेन. 2024 मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात सूचकांनी सह्या आपल्या नसल्याचे सांगितल्यावर काँग्रेसच्या उमेदवाराचा अर्ज बाद झाला आणि अखेरीस तेथे मतदानच न होता निवडणूक बिनविरोध झाली. सही करण्यापूर्वी आपला अनुक्रमांक ताज्या यादीशी स्वतः पडताळून पाहा.