लाइन सारखी लागते? आधी डायलर-लिस्ट बघ

सिस्को राउटरला गरज पडली की मोडेमवरून आपोआप फोन लावून लिंक जोडायला लावायचं, म्हणजे डायल-ऑन-डिमांड, त्याची ही गोष्ट. नंबर, युजरनेम, पासवर्ड हे सगळं लगेच जमेल. चॅप (दोन्ही टोकांची ओळख पासवर्डने पटवण्याची पद्धत) वापरत असशील तर दोन्ही टोकांना पासवर्ड अक्षरन् अक्षर सारखा हवा, लहान-मोठ्या अक्षरांसकट. एवढं झालं की पुढे जा.

खरी मेख आहे ती कुठल्या पॅकेटने फोन लावायचा, हे ठरवण्यात. ते डायलर-लिस्टमध्ये लिहायचं असतं. नवखे लोक तिथे सरळ 'आयपी परमिट', म्हणजे कुठलंही आयपी पॅकेट चालेल, असं लिहून मोकळे होतात. मग राउटिंग प्रोटोकॉलचे (राउटर एकमेकांना रस्ते कळवतात त्याचे) अपडेट, घड्याळ जुळवणारं एनटीपी, कुणाच्या तरी मशीनची डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी) विचारणा, कशानेही लाइन उठते आणि उठलेली खाली बसत नाही. रिप हा राउटिंग प्रोटोकॉल दर 30 सेकंदांनी अपडेट पाठवतो. सिस्कोवर आयडल टाइमआउट, म्हणजे लाइन रिकामी राहिली तर किती वेळाने सोडायची तो टाइमर, मुळात 120 सेकंदांचा, आणि असं प्रत्येक पॅकेट तो पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. म्हणजे लाइन कधी सुटणारच नाही, बिल मात्र चढत राहणार.

म्हणून अ‍ॅक्सेस-लिस्ट (कुठली पॅकेट धरायची, कुठली वगळायची याची यादी) लिहून असली रहदारी वगळ. वगळलेली पॅकेट अडत नाहीत बरं का. लाइन चालू असेल तर तीही जातात, फक्त फोन लावत नाहीत आणि टाइमर पुन्हा सुरू करत नाहीत. त्या लिंकवर राउटिंग प्रोटोकॉल हवाच कशाला? स्टॅटिक रूट (हाताने लिहिलेला ठरलेला रस्ता) घाल, इंटरफेस पॅसिव्ह कर, म्हणजे त्यावरून अपडेट जाणार नाहीत.

टाइमआउट फार कमीही ठेवू नकोस, नाहीतर दर क्लिकला मोडेम पुन्हा किंचाळणार. तरीही लाइन विनाकारण लागली तर 'शो डायलर' चालव. 'डायल रीझन'पुढे सोर्स आणि डेस्टिनेशन पत्ता दिसतो. चोर तिथेच सापडतो.