प्रश्न वाचकांचे : फिल्टरची नावे कानांनाही कळावीत म्हणून

प्रश्न : सोलापुरातील एका सार्वजनिक ग्रंथालयात मी ग्रंथपाल आहे. आमच्याकडे मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू, हिंदी आणि इंग्रजी पुस्तके असून त्यांची सूची आता संकेतस्थळावर शोधता येते. शोधाच्या बाजूला भाषा, विषय, प्रकाशनवर्ष आणि उपलब्धता असे चार फिल्टर दिले आहेत. आमच्या एका दृष्टिहीन सभासदांनी सांगितले, की स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर वाचून ऐकवणाऱ्या प्रणालीवर) त्यांना ‘सर्व’, ‘सर्व’, ‘सर्व’ एवढेच ऐकू येते आणि भाषांच्या यादीत तर मधेच आवाज बंद पडतो. पडद्यावर मात्र सगळे नीटनेटके दिसते. नेमके काय बदलावे?

उत्तर : डोळस वाचक ‘सर्व’ हा शब्द एकटा वाचत नाही. त्याच्या वर ठळक अक्षरांत ‘विषय’ असे लिहिलेले असते, ते त्याला त्याच क्षणी दिसते. ऐकणारा वाचक टॅबची कळ दाबत एका पर्यायावरून किंवा बटणावरून दुसऱ्यावर जातो, आणि त्याच्यापर्यंत पोहोचते ते फक्त त्याला जोडलेले नाव. शीर्षक वर नुसते ठळक करून ठेवले असेल, तर ते आणि खालचे पर्याय यांचे नाते यंत्राला ठाऊकच नसते. म्हणून पानाच्या कोडमध्ये प्रत्येक गट ‘फील्डसेट’ या गट बांधणाऱ्या खुणेने बांधावा आणि गटाचे नाव ‘लेजंड’मध्ये लिहावे, गटात शिरताच स्क्रीन रीडर ते नाव उच्चारतो. एवढ्यावर न थांबता पर्यायही ‘सर्व भाषा’, ‘सर्व विषय’, ‘सर्व वर्षे’ असे पूर्ण लिहावेत, कारण अनेक जण गटाच्या सुरुवातीपासून न ऐकता थेट मधल्या एखाद्या पर्यायावर येतात. एका शब्दाची ही भर डोळस वाचकालाही जड होत नाही.

पर्यायापुढच्या आकड्यांचेही तसेच आहे. ‘कादंबरी’ या शब्दापुढे कंसात 128 लिहिले, तर ते काय आहे हे ऐकणाऱ्याला समजत नाही. ‘कादंबरी, 128 पुस्तके’ असे ऐकू आले पाहिजे. हे वाक्य इंग्रजी साच्यात मराठी शब्द भरून तयार होत असेल, तर ‘1 पुस्तके’ असे विचित्र रूप येते. म्हणून एकवचन आणि अनेकवचन यांचे स्वतंत्र साचे ठेवण्यास तंत्रज्ञांना सांगावे. ‘प्रका. वर्ष’ यासारखी संक्षिप्त रूपे टाळावीत, कारण आवाज ती जशी लिहिली तशी अर्धवट उच्चारतो.

लिंगाचा प्रश्न इंग्रजीतून भाषांतर करणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही. ‘निवडलेला/ली/ले’ असे लिहून सर्व शक्यता झाकल्यासारखे वाटते, पण ऐकताना ते तुकडे कानावर आदळतात, आणि काही ठिकाणी तिरप्या रेघेचे नावही उच्चारले जाते. यातून सुटण्याचा सोपा मार्ग म्हणजे वाक्याची रचना बदलणे. ‘मराठी हा भाषेचा फिल्टर काढा’ या रचनेत क्रियापदाशी जोडलेला शब्द नेहमी ‘फिल्टर’च राहतो, त्यामुळे भाषेच्या जागी विषय आला काय किंवा वर्ष आले काय, व्याकरण बिघडत नाही. लावलेला फिल्टर काढण्यासाठी आपण नुसती फुली ठेवली असेल, तर तिला असेच पूर्ण नाव द्यावे. अन्यथा गुणाकाराची खूण तेवढी ऐकू येते.

आता भाषांच्या यादीकडे वळू, कारण आपला खरा प्रश्न तिथेच आहे. मधेच आवाज बंद पडतो, त्यावरून ती नावे कन्नड, तेलुगू आणि उर्दू यांच्या त्या त्या लिपीत लिहिलेली असावीत. त्या लिपीचा आवाज उपलब्ध नसेल, तर वाचन थांबते किंवा निरर्थक होते. प्रत्येक भाषेचे नाव तिच्याच लिपीत लिहिण्यामागचा आदर मला मान्य आहे, आणि संपूर्ण पानाची भाषा बदलण्याचे बटण असेल तिथे तो संकेत योग्यच आहे, कारण ते बटण शोधणाऱ्याला पानाची सध्याची भाषा कदाचित येतच नसते. पुस्तकांच्या फिल्टरचा हेतू मात्र वेगळा आहे. मराठी पानावर शोध घेणाऱ्याला ‘कन्नड पुस्तके’ हवी आहेत, हे त्याला मराठीतच ऐकू आले पाहिजे. म्हणून फिल्टरमधील नावे पानाच्या भाषेत लिहावीत, आणि पानच कन्नड किंवा उर्दूमध्ये उघडण्याची सोय वेगळी, पानाच्या सुरुवातीला द्यावी.

काही ठिकाणी तडजोड म्हणून एकाच नावात मराठी व इंग्रजी दोन्ही शब्द तिरपी रेघ मारून लिहितात. मला ही तडजोड पटत नाही. चेकबॉक्सचे किंवा बटणाचे नाव स्क्रीन रीडरकडे जाते तेव्हा ते एकसलग मजकूर होऊन जाते. त्यातील अर्धा भाग दुसऱ्या भाषेचा आहे ही खूण बहुधा टिकत नाही, आणि ‘एरिया-लेबल’सारख्या (पडद्यावर न दिसता फक्त स्क्रीन रीडरला मिळणारे नाव देणाऱ्या) गुणधर्मात तर ती करताच येत नाही. एका नावात एकच भाषा असावी. ‘फिल्टर’, ‘कॅटलॉग’ असे रुळलेले शब्द देवनागरीत लिहिले की ते मराठीच झाले. वेब कन्टेन्ट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स या जागतिक मार्गदर्शक तत्त्वांतील 3.1.2 हा निकषही भोवतालच्या भाषेत मिसळून गेलेल्या शब्दांना आणि विशेषनामांना भाषेची वेगळी खूण मागत नाही.

प्रश्न : आमच्या पानावरचे सगळे शब्द भाषांतरित झाले आहेत, तरी स्क्रीन रीडर काही बटणांची नावे इंग्रजीत सांगतो. हे कसे होते?

उत्तर : भाषांतरकाराला बहुधा पडद्यावर दिसणाऱ्या शब्दांचीच यादी दिली जाते. चिन्हांच्या बटणांना दिलेली अदृश्य नावे प्रणालीच्या आत राहून जातात, आणि ती फक्त ऐकणाऱ्यालाच भेटतात. तंत्रज्ञांकडून ‘एरिया-लेबल’ आणि चित्रांचा पर्यायी मजकूर यांची संपूर्ण यादी मागवून घ्यावी. शक्य असेल तिथे अदृश्य नाव ठेवूच नये. दिसणारे शब्दच नाव म्हणून वापरावेत. बटणावर ‘निकाल दाखवा’ असे दिसत असताना आतले नाव ‘शोध लागू करा’ असेल, तर आवाजाने आज्ञा देणाऱ्या वाचकाचीही अडचण होते, कारण तो दिसतात तेच शब्द उच्चारतो.

याच ओघात सांगतो : चेकबॉक्सवर खूण करताच पान नव्याने उघडू देऊ नये, कारण ऐकणारा वाचक पुन्हा पानाच्या आरंभी फेकला जाऊ शकतो. ‘निकाल दाखवा’ हे बटण ठेवावे, आणि ते दाबल्यावर ‘42 पुस्तके सापडली’ हा संदेश कोडमध्ये ‘स्टेटस’ (स्थिती सांगणारा मजकूर) ही भूमिका देऊन लिहावा, म्हणजे वाचक असेल तिथेच त्याला तो ऐकू येईल.

प्रश्न : मी दृष्टिहीन वाचक आहे. फोनवर मराठी आवाज बसवला आहे, तरी काही मराठी संकेतस्थळे हिंदी वळणाने वाचली जातात. दोष माझ्या फोनचा आहे का?

उत्तर : फोनमधील सेटिंग एकदा अवश्य तपासा, पण दोष बहुधा पानाचा असतो. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकासाठी अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीत, देवनागरी लिपीतील अक्षरांना क्रमांक दिलेले आहेत, भाषेला नाहीत. मराठीतला आणि हिंदीतला ‘विज्ञान’ यंत्राच्या दृष्टीने अक्षरशः एकच आहे. तो ‘विद्न्यान’ म्हणायचा की ‘विग्यान’, हे केवळ अक्षरे पाहून त्याला ठरवता येत नाही. ‘जुनी पुस्तके’ यातील ‘ज’चा आपला उच्चार हिंदी आवाजाकडे नसतो. म्हणून पानाच्या कोडच्या मुळाशी, भाषा सांगणाऱ्या ‘लँग’ या गुणधर्मात मराठीची ‘एमआर’ ही खूण असणे आवश्यक आहे. बरीच संकेतस्थळे तयार इंग्रजी साच्यावर उभारली जातात, आणि शब्द मराठी झाले तरी साच्यातली ‘ईएन’ ही इंग्रजीची खूण तशीच राहते. संगणकावर आपण एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर वापरत असाल, तर त्यात भाषा आपोआप बदलण्याची सोय आहे. पानाची खूणच चुकीची असेल तेव्हा ती सोय बंद करून मराठी आवाज कायम ठेवता येतो. हा तात्पुरता उपाय झाला. संबंधित संस्थेला लिहिताना ‘वाचन नीट होत नाही’ एवढेच न कळवता पानाचा पत्ता, चुकीचा उच्चारलेला शब्द आणि ‘लँग तपासावे’ ही विनंती या तिन्ही गोष्टी लिहा; मूळ साच्यातली ती दोन अक्षरे बदलली, की त्या साच्यावरची सगळी पाने एकदम सुधारतात.