शौचालयात सरपण का भरतं?

प्रश्न : आमच्या गावात 12,000 रुपयांच्या अनुदानातून घरोघर शौचालयं बांधली. आज कित्येकांत सरपण आणि गोवऱ्या आहेत, माणसं टमरेल घेऊन माळावरच जातात. सरकारी पैशानं असे प्रश्न सुटतात का? अनुदान बंदच का करू नये?
– एक वाचक, बीड जिल्हा

उत्तर : बंद करू नका. भूमिहीन मजुराला एवढी रक्कम एकदम उभी करणं अवघड आहे. पण या पैशातून बांधकाम होतं, सवय लागत नाही. केंद्राचा ग्रामीण स्वच्छता कार्यक्रम 1986 सालचा. त्यानंतर 1999, 2012 आणि 2014 मध्ये नवी अभियानं आली, तरी तुमचा प्रश्न शिल्लक आहेच. महाराष्ट्रानं 2000-01 मध्ये संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात वाट बदलली : आधी पैसे नाहीत, गावानं श्रमदानानं काम करायचं, मग तपासणी आणि बक्षीस. त्यात गावं खरोखर हलली, कारण काम गावाचं होतं.

आता अनुदान मिळतं ते बांधकाम झाल्यावर, फोटो पाहून. फोटोत खोली दिसते, खड्डा मातीखाली असतो. आणि गडबड होते ती खड्ड्यातच. ‘खड्डा लवकर भरेल, मग उपसणार कोण?’ ही खरी भीती आहे. तिच्यामागे जातिव्यवस्था आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे. त्या भीतीपोटी लोक एकच दहा-बारा फुटी खड्डा घेतात आणि तो वाचवायला घरातली बायकामाणसंच तेवढी आत जातात.

पाच-सहा माणसांच्या घराला साधारण तीन फूट व्यासाचे, तीन ते चार फूट खोल असे दोन शोषखड्डे पुरतात; एका वेळी एकच वापरायचा. दोघांत किमान तीन फूट अंतर ठेवा. विटांचं बांधकाम जाळीदार हवं, तळाला कोबा करायचा नाही. तुमच्याकडच्या काळ्या मातीत पाणी मुरत नाही, म्हणून विटांच्या बाहेरून फूटभर वाळू-खडीचा थर द्या. विहीर किंवा बोअर खड्ड्यांपासून किमान 10 मीटर दूर असावी. भांडं तीव्र उताराचं ग्रामीण पॅनच घ्या. दीड-दोन लिटरमध्ये साफ होतं. सपाट भांड्याला बादलीभर पाणी लागतं, आणि ते बाईच्या डोक्यावरून येत असेल तर आठ दिवसांत दाराला कडी लागते.

प्रश्न : आमचे दोन्ही खड्डे एकदमच भरले. असं का झालं?
– एक वाचक, जालना जिल्हा

उत्तर : भांड्यातला मैला दोन खड्ड्यांकडे नेणाऱ्या व्हाय (Y) आकाराच्या चेंबरमध्ये एक तोंड बंद केलेलं नसणार. गवंड्यांकडून ही चूक सर्रास होते. एका वेळी एकच खड्डा चालू ठेवायचा, दुसऱ्याचं तोंड विटेनं आणि मातीनं बंद. पहिला साधारण तीन वर्षांनी भरला की तोंड बदलायचं. बंद खड्डा किमान वर्षभर, शक्यतो दोन वर्षं तसाच ठेवला की आत कोरडं, वास नसलेलं सोनखत होतं. तत्कालीन केंद्रीय स्वच्छता सचिव परमेश्वरन अय्यर यांनी फेब्रुवारी 2017 मध्ये तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः खड्ड्यात उतरून असं खत बाहेर काढलं होतं.

तुमचे खड्डे मात्र ओले आहेत, त्यांत माणूस उतरवू नका. हातानं मैला उपसायला बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. पंचायतीकडून मैला उपसणारी गाडी मागवा, खड्डे रिकामे झाले की लगेच एक तोंड बंद करा. ग्रामसभेत एक मागणीही करा : अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटण्याआधी चेंबरचं झाकण उघडून पाहायचं, आणि सहा महिन्यांनी वापराची पुन्हा तपासणी करायची.