साप्ताहिक शतशब्दकथा: सुचत नाही, मावत नाही, तर लिहिणं थांबवू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वारजे ते हिंजवडी जाण्यायेण्यात दिवस संपतो, दर आठवड्याला दिलेल्या विषयावर वेगळं काही सुचत नाही, सुचलंच तर शंभर शब्दांत मावत नाही, आणि पाठवलेल्या कथांवर फारसं कुणी बोलत नाही. मग हे आव्हान चालू ठेवावं का?

ठेवावंच, असं माझं ठाम मत आहे. मी बरीच वर्षं यात आहे आणि माझ्या लिहिण्यात जो काही नेमकेपणा आला तो इथूनच आला.

आधी सुचण्याबद्दल, कारण खरी गाठ तिथे आहे. आपल्याला 'दिलेला विषय' पहिल्यांदा भेटतो तो शाळेच्या निबंधात. त्यामुळे 'पाऊस' म्हटलं की हात आपोआप पावसाविषयी लिहायला लागतो. आव्हानातला विषय तशासाठी नसतो. संस्कृतातली समस्यापूर्ती आठवून बघा. श्लोकाचा एक चरण दिलेला, बाकीचे कवीने रचायचे. भोजराजाच्या दरबारातली आख्यायिका तुम्ही ऐकली असेल. चरण दिला होता 'ठंठं ठठंठं ठठठं ठठंठः'. अर्थ काहीच नाही, नुसता आवाज. कालिदासाच्या नावावर सांगतात ते उत्तर असं, की रामाच्या अभिषेकासाठी पाणी आणणाऱ्या तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटला आणि पायऱ्यांवरून तसा आवाज करत खाली गेला. कवी आवाजाचं वर्णन करत बसला नाही. तो आवाज कुठे होईल, कुणाच्या हातून होईल, हे त्याने शोधलं. विषय जाहीर झाला की मी हाच प्रश्न स्वतःला विचारते.

समजा विषय आला 'खिडकी'. खिडकीशी बसून मुलाची वाट बघणारी एकटी आजी सगळ्यांनाच सुचणार. त्यानंतर सुचेल बसमधली खिडकीची जागा. दोन्ही वहीत लिहून ठेवा आणि त्यांच्यापासून दूर व्हा. मग विचारा, या खिडकीपायी कुणाचं काय अडलंय? पेठेतला एखादा वाडा पाडलाय, त्याच्या सागवानी खिडकीची चौकट विकायला काढलीय, आणि भावाची घासाघीस करणारा माणूस त्याच वाड्यात लहानाचा मोठा झालेला आहे. तो हे विकणाऱ्याला सांगेल का? सांगितलं तर भाव चढेल. इथे दोन माणसं आहेत, एकाला काहीतरी हवंय आणि ते मागताना त्याला काहीतरी लपवायचंय. कथा सुरू झाली.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगते. शेवटच्या ओळीतल्या धक्क्याच्या मागे लागू नका. बोलणारा माणूस मेलेलाच होता, किंवा तो कुत्रा होता, हे शंभराव्या शब्दाला कळणं वाचकाने फार वेळा पाहिलंय. असा धक्का सुचला तर तो पहिल्याच वाक्यात सांगून टाका आणि ते माहीत असताना पुढे काय होतं ते लिहा. बहुतेक वेळा जास्त चांगली कथा तिथेच असते.

आता मावण्याबद्दल. पहिला खर्डा शंभर शब्दांत लिहू नका. दीडशे, एकशे ऐंशी, जेवढा होईल तेवढा होऊ द्या आणि मग कापा. 'सकाळी सकाळी वडिलांनी कपाटामधून जुनी पेटी बाहेर काढली आणि ती हळूच उघडून पाहिली' हे 13 शब्द आहेत. 'वडिलांनी कपाटातली पेटी उघडली' हे 4. पेटी बाहेर काढल्याशिवाय उघडत नाही, हे वाचकाला कळतं. उरलेले 9 शब्द पेटीत काय निघालं त्यावर खर्च करा, कारण वाचक त्यासाठीच थांबलाय. विशेषणं आणि 'हळूच', 'अचानक', 'नकळत' आधी जातात. त्यानंतर 'त्याला वाटलं', 'तिच्या लक्षात आलं' असली वाक्यं.

मराठीत शब्दमर्यादा आपल्या बाजूची आहे, तिचा फायदा घ्या. शब्दयोगी अव्यय नामाला जोडून येतं, म्हणून 'पुलाखालून', 'त्याच्यासाठी', 'घरासमोरच्या' हे प्रत्येकी एकच शब्द. 'त्याच्या साठी' असं तोडून लिहिलं तर ते चुकीचं तर आहेच, वर एक शब्द वाया जातो. उलट शब्द वाचवायला 'करूनठेवलं' असं चिकटवणंही नको. आणि दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडून टाकलेली आडवी रेघ काही मोजणीयंत्रं शब्द म्हणून धरतात. 101 आकडा दिसला की आधी ती शोधा.

वेळेचं म्हणाल तर शंभर शब्दांना टेबल-खुर्ची लागत नाही. पहिले दोन दिवस काहीच लिहू नका. चांदणी चौकाच्या गर्दीत अडकलेले असाल तेव्हा फक्त माणूस कोण आणि जागा कुठली एवढं ठरवा. मग एका बैठकीत खर्डा, एक दिवस पूर्ण विश्रांती, आणि नंतर काटछाट. शेवटच्या रात्री पाठवू नका, कारण ती विश्रांतीच हुकते. महिनाभराच्या आव्हानांकडे सध्या वळू नका. अमेरिकेत 1999 मध्ये एकवीस जणांनी सुरू केलेलं नॅनोरायमो हे कादंबरीलेखनाचं आव्हान (ते चालवणारी संस्था 2025 मध्ये बंद झाली) म्हणजे महिन्यात 50,000 शब्द, रोजचे साधारण 1,667. नोकरी सांभाळून ते करणारे आहेत, पण आधी छोटं काही पूर्ण करायची सवय लागू द्या.

राहिला प्रतिसादाचा मुद्दा, आणि माझ्या मते या सगळ्यात मोलाचं तेच आहे. एकाच विषयावर वीस जण लिहितात तेव्हा कुणी कुठला दरवाजा निवडला हे शेजारीशेजारी दिसतं. कुठल्याही पुस्तकात हे असं शिकायला मिळत नाही. पुण्यात 1923 च्या सुमारास रविकिरण मंडळाचे कवी रविवारी चहाला जमायचे आणि एकमेकांच्या कविता ऐकायचे. माधव ज्यूलियन, यशवंत, गिरीश सगळे त्यात होते, आणि तिघांची कविता वेगवेगळीच राहिली. म्हणून तुमची कथा पाठवली की त्या आठवड्यातल्या निदान पाच कथा नीट वाचा आणि लिहा. 'छान', 'मस्त जमलीय' याने लिहिणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. कुठल्या वाक्याला थांबलात, कुठे गोंधळलात, कुठला शब्द नसता तरी चाललं असतं, ते सांगा. असं लिहिणाऱ्याच्या कथा लोक शोधून वाचतात, हा माझा अनुभव आहे. मतांच्या आकड्यावरून मात्र स्वतःला जोखू नका. मतं धक्क्याला लवकर मिळतात.

तुमची 'कुलूप' विषयावरची मागची कथा मी वाचली होती. त्यावर तेव्हाच लिहायला हवं होतं, आता लिहिते. घर विकून झाल्यावरही मुलगा शेजारच्या काकूंकडे ठेवलेली किल्ली परत मागत नाही, ही कल्पना अस्सल आहे. शेवटचं 'आणि मग त्याला सगळं उमगलं' हे वाक्य काढून टाका, कारण ते आपल्याला आधीच्या ओळीतच कळलेलं असतं. त्यातून सुटलेले 5 शब्द काकूंना द्या. त्या संपूर्ण कथेत फक्त 'चहा घेतोस?' एवढंच बोलतात. किल्ली आपल्याकडे आहे हे त्यांना आठवतंय की नाही, हे त्यांच्या तोंडून एका वाक्यात येऊ द्या. दुरुस्त केलीत तर पुन्हा पाठवा, मी वाचेन.