आतड्याचा जोड आणि वरची पट्टी

प्रश्न : माझ्या वडिलांना (वय ६८) मलाशयाचा कर्करोग आहे. पुढील महिन्यात शस्त्रक्रिया असून रोगट भाग काढल्यावर आतडे स्टेपलरने जोडणार आहेत. जोड पक्का व्हावा म्हणून त्यावर जाळी किंवा विरघळणारी पट्टी बसवण्याचा आग्रह धरा, असे एक नातेवाईक सांगतात. अशा पट्ट्या गाईच्या अवयवापासून करतात, हे खरे का? खर्चाची तयारी आहे. – एक वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : आग्रह धरू नये, असे माझे मत आहे. हर्नियासाठी वापरतात ती कायमची प्लास्टिकची जाळी आतड्याच्या जोडावर बसवत नाहीत, कारण ती हळूहळू आतड्यात रुतून त्याला भोक पाडू शकते. नातेवाइकांच्या मनात बहुधा स्टेपलरच्या जबड्यावर चढवायची पातळ पट्टी असावी. पिना या पट्टीतून आरपार जातात, त्यामुळे दाब विभागला जातो आणि पिनांच्या भोकांतून होणारा रक्तस्राव कमी होतो. काही पट्ट्या विरघळणाऱ्या टाक्यांच्याच जातीच्या, पॉलिग्लायकॉलिक आम्लाच्या असतात आणि काही महिन्यांत शरीरात विरून जातात. काही मात्र खरोखरच गाईबैलांच्या हृदयावरील आवरणापासून, तर काही डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून, त्यातील पेशी काढून टाकून बनवतात. घरच्यांना याचे वावडे असेल तर ते सर्जनना आधीच सांगावे. भूल दिल्यानंतर विचारायला कोणी नसते.

स्थूलतेच्या शस्त्रक्रियेत पिनांची रांग लांबलचक असते, तिथे रक्तस्राव कमी करण्यासाठी ही पट्टी उपयोगी पडते. मलाशयाच्या जोडावर मात्र तिने गळती (जोड सुटून मळ पोटात झिरपणे) कमी होते, असे नियंत्रित चाचण्यांत सिद्ध झालेले नाही आणि यात मला आश्चर्य वाटत नाही. विरलेल्या धोतराला ठिगळ लावले तर ठिगळ शाबूत राहते आणि शेजारचे कापड फाटते. आतड्याच्या कडेला रक्तपुरवठाच नीट नसेल किंवा जोड ताणलेला असेल, तर वर काहीही बसवले तरी कड निकामी व्हायची ती होतेच. जोडाला बळ देणारा थर आतड्याच्या आतल्या अस्तराखाली असतो, हे अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी १८८७ मध्येच दाखवले होते. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दिवसांत या थरातील जुने कोलॅजेन (ऊतींना बळकटी देणारे प्रथिन) झिजत असते आणि नवे पुरेसे तयार झालेले नसते. म्हणून साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी जोड सर्वांत नाजूक असतो.

तेव्हा सर्जनना पट्टीपेक्षा वेगळे प्रश्न विचारावेत. जोड ताणरहित व्हावा म्हणून प्लीहेजवळचे आतड्याचे वळण गरज पडल्यास मोकळे करणार का? कडांचा रक्तपुरवठा हिरव्या रंगद्रव्याने तपासण्याची सोय आहे का? जोड झाल्यावर हवेची चाचणी करणार का? ही चाचणी पंक्चरवाल्याच्या घमेल्याची आठवण करून देणारी आहे : ओटीपोटात पाणी भरायचे, गुदद्वारातून हवा सोडायची आणि बुडबुडे येतात का ते पाहायचे. बुडबुडे दिसले तर तिथल्या तिथे दुरुस्ती करता येते.

वडील तंबाखू किंवा विडी घेत असतील तर आजच बंद करावी. रक्त कमी असल्यास ते वाढवावे आणि अंडी, डाळी, दूध यांतून प्रथिने पोटात जातील असे पाहावे. खर्चाची तयारी आहेच, तर ती इथे कामी येईल.

गुदद्वाराच्या जितके जवळ जोड, तितका गळतीचा धोका अधिक. अगदी खालच्या जोडांत तो शेकडा १० च्या आसपास धरतात. म्हणून काही महिन्यांपुरते जोडाच्या वरचे आतडे पोटावर उघडून मळ गोळा करायला तिथे पिशवी देतात. तिने गळती टळेलच असे नाही, पण झालीच तर मळ पोटात पसरून जीवावर बेतण्याचा धोका बराच कमी होतो. पिशवीला नाही म्हणून पट्टी मागणे हा उलटा सौदा ठरेल. पिशवीची जागा शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला बसवून आणि उभे करून पेनाने आखतात. वडील धोतर नेसत असतील तर त्या दिवशी धोतरच नेसून जावे, म्हणजे कमरेची गाठ नेमकी त्या जागेवर येणार नाही.