हप्ता संपला, दहा तारीख उरली

घरखर्च आणि बचत यांविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी या वेळी निवडलेली तिन्ही पत्रे कर्ज नुकतेच फिटलेल्या घरांतून आली आहेत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे दिलेली नाहीत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण त्या पत्रात जमाखर्च तपशिलाने दिला होता आणि असा तपशील क्वचितच हाती येतो.

प्रश्न : नऊ वर्षांनी आमचे घराचे कर्ज गणपतीच्या आधी फिटले आणि त्याच महिन्यात यजमानांच्या कंपनीतल्या पतसंस्थेचे कर्जही संपले. दोन्ही मिळून महिन्याला 18,000 रुपये हप्ता जात होता. यजमानांचा पगार हातात 47,500 रुपये येतो आणि माझ्या शिवणकामाचे सरासरी 8,000 रुपये होतात. हप्ता वजा जाता 37,500 रुपयांत आम्ही घर चालवत होतो. त्या हिशेबाने चार महिन्यांत 72,000 रुपये शिल्लक पडायला हवे होते, पण खात्यावर फक्त 19,000 आहेत. सासूबाईंच्या कवळीला 14,000, नव्या फ्रीजला 21,500 आणि दिवाळीला 9,000 गेले. बाकीचे कुठे गेले ते मलाही सांगता येत नाही. यजमान म्हणतात, हप्ता भरायची सवय आहेच, तर आता महिना 11,000 हप्त्याची गाडी घेऊ. मुलगी नववीत आणि मुलगा पाचवीत आहे. माझे कुठे चुकते आहे? – एक वाचक, सातारा

उत्तर : तुमचे चुकते आहे असे मला वाटत नाही. 72,000 मधून 19,000 वजा केले तर 53,000 रुपये खर्च झाले आणि त्यांपैकी 44,500 रुपयांचा हिशेब तुम्ही स्वतःच दिला आहे. ज्याला पत्ता नाही असा खर्च 8,500 रुपयांचा, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या थोडा वर आहे. वहीत 'किरकोळ' या नावाने जी नोंद आपण सगळेच करतो, तिच्यात एवढी रक्कम पाच जणांच्या नव्हे, दोन माणसांच्या घरातही सहज जिरते.

कवळी आणि फ्रीज यांचे 35,500 रुपये मात्र वेगळ्या नजरेने पाहावे लागतील. सासूबाईंना चावायला त्रास चार महिन्यांपूर्वी सुरू झाला नसणार आणि फ्रीजही एका रात्रीत बिघडला नसणार. नऊ वर्षे ज्या घरातून दर महिन्याला 18,000 रुपये बाहेर जात होते, त्या घराने हप्ता चुकू नये म्हणून कित्येक खर्च पुढे ढकललेले असतात. बँकेच्या उताऱ्यावर ते दिसत नाहीत, पण तेही घराचे देणेच असते आणि हप्ते संपल्याचे कळताच ते एकामागून एक दारात येऊन उभे राहतात. म्हणून बचतीची कोणतीही योजना निवडण्याआधी घरातल्या सर्वांनी एका संध्याकाळी एकत्र बसून राहून गेलेल्या खर्चांची यादी करावी. कोणाचा चष्मा बदलायचा आहे, कोणती दाढ दुखते, गच्ची कुठे गळते, स्कूटरचे टायर किती गुळगुळीत झाले आहेत, हे सगळे तिच्यात यावे. प्रत्येकापुढे अंदाजे रक्कम लिहिली की निकडीचा क्रम आपोआप लागतो. सासूबाईंना त्यात आवर्जून बसवावे, कारण वडीलधारी माणसे स्वतःचे दुखणे शेवटी सांगतात.

तुमच्या पत्राच्या मागच्या पानावर वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांची नोंद आहे. जूनमधली शाळेची फी 22,000, गणपती आणि दिवाळी मिळून 15,000, घरपट्टी 4,200, स्कूटरचा विमा आणि दुरुस्ती 3,800, लग्नकार्यांतले आहेर आणि प्रवास 9,000. याची बेरीज 54,000 रुपये होते, म्हणजे महिन्याला 4,500. हे खर्च आजवर कसे भागत होते तेही तुम्ही ओझरते लिहून गेला आहात, की दर जूनमध्ये यजमान पतसंस्थेतून आकस्मिक कर्ज काढत असत. माझ्या मते तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य हेच आहे. शाळेची फी दरवर्षी जूनमध्येच येते, तिच्यात आकस्मिक असे काही नसते. तिच्यासाठी कर्ज निघत होते याचा अर्थ तुमचे मासिक अंदाजपत्रक मुळातच बारापैकी अकरा महिन्यांचे होते. पतसंस्थेचे कर्ज दरवर्षी थोडे फिटे आणि थोडे वाढे, ते यामुळेच.

आता सुटलेल्या 18,000 रुपयांची वाटणी मी अशी सुचवतो. 4,500 रुपये या वार्षिक खर्चांसाठी वेगळ्या बचत खात्यात जावेत आणि त्या खात्याचे एटीएम कार्ड पाकिटात ठेवू नये. 3,000 रुपये राहून गेलेल्या खर्चांच्या यादीसाठी असावेत. 1,500 रुपये, म्हणजे वर्षाला 18,000, विम्याच्या हप्त्यांसाठी बाजूला पडावेत. 7,500 रुपये अडीअडचणीच्या निधीत जावेत. उरलेले 1,500 रुपये तुम्ही आणि यजमानांनी वाटून घ्यावेत आणि त्यांचा हिशेब एकमेकांना विचारू नये. ही शेवटची रक्कम वाचून काही वाचक नाराज होतील, पण नऊ वर्षे काटकसर केलेल्या माणसांना पुन्हा पैनपैचा हिशेब द्यायला लावला तर सहा महिन्यांत वहीच बंद पडते, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही लिहिले आहे की अजूनही दर महिन्याच्या दहा तारखेला हप्ता कापल्याचा संदेश आला का, हे पाहायला तुमचा हात मोबाईलकडे जातो. ही सवय मोडू नका. पगार सात तारखेला जमा होतो, तेव्हा दहा तारखेलाच वरील रकमा पगाराच्या खात्यातून आपोआप वळत्या होतील अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. महिनाअखेर जे उरेल ते साठवू, असे ठरवलेल्या घरात महिनाअखेर काही उरत नाही, हे तुम्ही चार महिने पाहिलेच आहे.

अडीअडचणीच्या निधीत चार महिन्यांचा घरखर्च, म्हणजे 1,50,000 रुपये असावेत, कारण शिवणकामाचे उत्पन्न लग्नसराईत वाढते आणि पावसाळ्यात आटते. हातातले 19,000 धरले तर 7,500 च्या गतीने हा निधी साधारण दीड वर्षात पुरा होईल. तो बचत खात्यात आणि कधीही मोडता येईल अशा मुदत ठेवीत निम्मा-निम्मा ठेवा. सोने, जमीन किंवा पंधरा वर्षांची योजना यांत तो अडकवू नका.

विम्याबाबत एक गोष्ट बहुतेक घरांत नजरेतून सुटते. गृहकर्जासोबत अनेकदा कर्जदाराच्या आयुष्याचा विमाही घेतलेला असतो आणि तो साधारणपणे कर्जाबरोबरच संपतो. तुमच्या कर्जाला तसा विमा होता का ते कागद काढून पाहा. असेल, तर यजमानांच्या डोक्यावरचे छत्र कर्जाबरोबरच गेले आहे. फक्त जोखमीचा, परतावा न देणारा मुदत विमा घ्या आणि कुटुंबासाठी आरोग्य विम्याची चौकशी करा. तोपर्यंत वर्षाला 436 रुपयांत दोन लाखांचे संरक्षण देणारी प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आणि 20 रुपयांची अपघात विम्याची सुरक्षा विमा योजना बँकेत अर्ज देऊन सुरू करता येतात. पहिलीत 50 वर्षे वयापर्यंतच प्रवेश मिळतो.

सुकन्या समृद्धी खाते मुलगी दहा वर्षांची होण्याआधी उघडावे लागते, त्यामुळे ती वाट तुमच्यासाठी बंद आहे. बारावीनंतरचा प्रवेश साडेतीन वर्षांवर आला आहे, तेव्हा निधी पुरा झाल्यावर तेच 7,500 रुपये बँकेच्या दोन वर्षांच्या आवर्ती ठेवीत वळवले तर व्याज न धरताही प्रवेशाच्या वेळी 1,80,000 रुपये हाताशी असतील. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीचे (पीपीएफ) खाते मात्र आत्ताच 500 रुपये भरून उघडून ठेवा आणि दरवर्षी किमान तेवढे भरत राहा. त्याची पंधरा वर्षांची मुदत खाते उघडलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून मोजली जातात, म्हणून हे घड्याळ जितके लवकर सुरू होईल तितके बरे. पुढे मोठी रक्कम भराल तेव्हा ती महिन्याच्या पाच तारखेच्या आत भरा, कारण पाच तारीख ते महिनाअखेर या काळातल्या किमान शिलकीवरच त्या महिन्याचे व्याज धरले जाते.

राहता राहिली गाडी. वरच्या वाटणीत अडीअडचणीचा आणि राहून गेलेल्या खर्चांचा वाटा मिळून 10,500 रुपये होतात. 11,000 चा हप्ता नेमके हेच दोन वाटे खाईल आणि पेट्रोल, विमा, सर्व्हिसिंग हे त्याच्या वर. म्हणजे पुढच्या जूनमध्ये शाळेची फी आली की यजमान पुन्हा पतसंस्थेच्या खिडकीत. गाडीचा क्रमांक मुलीच्या प्रवेशानंतर लागतो. हे मला येथे लिहिणे सोपे आहे, तुम्हाला घरात बोलणे अवघड जाईल याची मला कल्पना आहे. तेव्हा बेरजेचा कागदच त्यांच्यापुढे ठेवावा.

आणखी एक चौकशी यजमानांकडे करा. कंपनीतल्या पतसंस्थेत सहकारी एकमेकांना जामीन राहतात. ते कोणाला जामीन राहिले असतील तर ते कर्ज आज कुठवर आले आहे ते विचारून घ्या. करार कायद्यानुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराएवढीच असते आणि वसुली पगारातून होऊ शकते.

प्रश्न : मी निवृत्त आहे. उपदानाच्या (ग्रॅच्युइटीच्या) रकमेतून गृहकर्ज मुदतीआधी पूर्ण फेडले, त्याला सहा आठवडे झाले. घराची मूळ कागदपत्रे मागितली तर शाखेत 'मुख्यालयातून येतील' एवढेच सांगतात. थांबावे की काही करावे? – एक वाचक, नागपूर

उत्तर : थांबू नये. रिझर्व्ह बँकेने 13 सप्टेंबर 2023 रोजी काढलेल्या सूचनेनुसार कर्ज पूर्ण फिटल्यापासून 30 दिवसांच्या आत बँकेने मूळ कागदपत्रे परत करावयाची आहेत आणि मालमत्तेवर नोंदवलेला बोजाही काढावयाचा आहे. 1 डिसेंबर 2023 पासूनच्या प्रकरणांना ही सूचना लागू आहे. विलंब बँकेमुळे झाला असेल, तर प्रत्येक दिवसाला 5,000 रुपये भरपाई बँकेने कर्जदाराला द्यावयाची आहे. तुमचे 42 दिवस झाले असतील, तर 12 दिवसांचे 60,000 रुपये होतात. कागद गहाळ झाले असतील, तर दुय्यम प्रती मिळवून देण्याचा खर्च बँकेचा असतो आणि त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात.

तोंडी विचारणा पुरे झाली. या सूचनेचा तारखेसह उल्लेख करून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि आपल्या प्रतीवर पोच घ्या. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिला शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

कागद मिळाल्यावर ते तिथेच, कर्ज घेताना दिलेल्या यादीशी ताडून पाहा. खरेदीखत आणि सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स टू उतारा) ही पाने लोक पाहतात, जुन्या मालकाची साखळी दाखवणारी खते पाहायचे राहून जाते. त्यानंतर आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डवर) बँकेचा बोजा चढवलेला असल्यास तो कमी झाल्याची नोंद करून घ्या. सदनिका असेल तर गृहनिर्माण संस्थेलाही बँकेचे पत्र द्या, कारण तिच्या दप्तरात गहाणाची नोंद असते. कर्ज बंद झाल्याचे पतमापन संस्थांच्या (सिबिलसारख्या, कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या) अहवालात आले आहे का तेही दोन महिन्यांनी पाहा. प्रत्येक संस्थेकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत मिळतो.

प्रश्न : ज्या पतसंस्थेचे कर्ज आम्ही फेडले, तीच आता बँकेपेक्षा दीड टक्का जास्त व्याजाने दोन लाखांची ठेव ठेवा म्हणते. अडचणीच्या वेळी त्यांनीच कर्ज दिले होते, त्यामुळे नाही म्हणायला संकोच वाटतो. – एक वाचक, चिपळूण

उत्तर : तुमचा संकोच मी समजू शकतो. बँकेने दारातून परत पाठवलेल्या कित्येक घरांना पतसंस्थांनीच हात दिला आहे. पण कर्ज घेताना धोका पतसंस्थेचा होता आणि ठेव ठेवताना तो तुमचा असतो. व्यापारी आणि सहकारी बँकांतल्या ठेवींना व्याजासह, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विमा महामंडळाचे संरक्षण आहे. पतसंस्था ही बँक नव्हे, तिच्या ठेवींना हे संरक्षण मिळत नाही. दोन लाखांवर दीड टक्का म्हणजे वर्षाला 3,000 रुपये, आणि त्यांच्यासाठी पूर्ण रक्कम विम्याबाहेर ठेवावी असे मला वाटत नाही. ऋण मानायचेच असेल, तर संस्थेचा गेल्या तीन वर्षांचा लेखापरीक्षणाचा वर्ग (हिशेब तपासणाऱ्याने दिलेली श्रेणी) आणि थकबाकीचे प्रमाण वार्षिक अहवालात पाहा, आणि समाधान झाले तर वीस-पंचवीस हजारांची एक वर्षाची ठेव ठेवा. उरलेली रक्कम बँकेत जाऊ द्या. वार्षिक अहवाल सभासद म्हणून मागण्याचा तुम्हाला अधिकार आहे आणि तो द्यायला संस्था टाळाटाळ करू लागली, तर ते वीस हजारही ठेवू नका.